चालू असताना चाल

“बंद करूक नको!”

दोन्ही वाड्या एका सुरात ओरडल्या. कित्येक वर्षांत त्या दोन वाड्यांनी एका सुरात काही म्हटलं असेल तर ते एवढंच, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला समोरचं तेवढं दिसत होतं. मांडीवर लॅपटॉप, पुढ्यात आमचं आरतीचं मशीन ढोल, घंटा आणि झांज एकदम बडवतंय, गाभाऱ्याच्या दारात गुरव पेटलेलं निरांजन घेऊन उभे, आणि सातेरीच्या देवळात जमलेलं सगळं गाव माझ्याकडे अशा नजरेने बघतंय, जणू मी देवीच्या अंगावरचे दागिनेच उतरवायला निघालेय.

दुर्दैवाने तोवर माझ्या बोटाने बटण दाबलं होतं.

मशीन थांबलं. निरांजनाची वात तडतडलेली ऐकू यावी इतकी शांतता पसरली. मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि सुरू झालं म्हणजे आधी त्याने स्वतःची तपासणी केली. ती सोय मीच बसवली होती आणि मला तिचा फार अभिमान होता. ढोलावर एक काठी पूर्ण ताकदीने, झांज एकदा कडकडून, घंटा लागोपाठ तीनदा. कारखान्यात ते ऐकून बरं वाटायचं, सगळे अवयव शाबूत आहेत म्हणून. भर आरतीत मात्र देवळाचं छप्पर खाली आल्यासारखं वाटलं. आढ्यावरची वटवाघळं उडाली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी “सातेरी माये!” म्हणून कानच धरले.

“ह्या काय?” दाजी पालवांनी विचारलं. दाजी म्हणजे वरच्या वाडीचे पुढारी, पांढऱ्याशुभ्र मिशांचे.

“सेल्फ टेस्ट,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“सगळं ठीक आहे ना, ते मशीन बघतंय.”

“काय ठीक नाय, ता बघूक आमी आसंव ना हय,” दाजी म्हणाले.

खांबाच्या पलीकडे खालच्या वाडीची माणसं बसली होती. त्यांचे पुढारी तातू सावंत दाजींकडे न बघता, माझ्याकडे बोट करून बायकोला म्हणाले, “शेवंता, तुझ्या भावाक सांग, आरती सुरू झाली की मधीच थांबवची नसता, ह्या त्या चेडवाक कोणी सांगूक नाय काय?”

शेवंताकाकी, म्हणजे तातूंची बायको आणि दाजींची बहीण, दोन्ही वाड्यांच्या बरोबर मध्ये, खांबाला टेकून उभी होती. मघापासून ती टाळ्या वाजवत होती, पण तिचे ओठ मिटलेले होते. ते मला तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं, इतकंच.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगते. मी, मृणाल चौगुले, तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत कुंभोजकर साहेबांचा छोटा कारखाना होता आणि तिथे देवळांसाठी आरतीची मशीन बनत. जुनं मशीन म्हणजे एक मोटर, एक पट्टा आणि खिळे ठोकलेलं एक चाक. चाक फिरलं की खिळे काठ्या उचलणार आणि काठ्या ढोलावर आपटणार. एकच ठेका, जन्मभर तोच. मी साहेबांच्या मागे लागून लागून पहिलं कॉम्प्युटरवालं मशीन करायला लावलं. प्रत्येक काठीला वेगळी मोटर, आणि त्या मोटरांना हुकूम देणारा ड्रायव्हर मी लिहिलेला. कोणता ठेका वाजवायचा ते हा ड्रायव्हर सुरू होताना एकदाच वाचायचा, आणि मग बंद होईपर्यंत कोणाचंही ऐकायचा नाही. या बाबतीत तो साहेबांवर गेला होता.

पहिलीच ऑर्डर आली ती तळकोकणातल्या कुसगवणे गावची. पत्रात एक ओळ ठळक अक्षरात होती: ‘मशीन चालू असताना चाल बदलता आली पाहिजे.’

“चाल म्हणजे स्पीड गं,” साहेब म्हणाले. “एक फिरवायचं बटण दे बसवून. हाय काय नि नाय काय!”

कोल्हापुरात बैलाची चाल, घोड्याची चाल, फार तर बुद्धिबळातली चाल. मीही विचार केला नाही. सुंदर काळं बटण बसवलं, भोवती कासवापासून सशापर्यंत चित्रंसुद्धा काढली.

आणि देवळाच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या चाचणीत, वरच्या वाडीच्या ठेक्यावर दोन कडवी झाल्यावर दाजी म्हणाले, “आता तेंची चाल लाव.” मी ऐटीत बटण सशाकडे फिरवलं. तोच ठेका धावायला लागला. पहिल्यांदा पोरं हसली. मग तातू उठून उभे राहिले.

“ही चाल न्हय,” ते गरजले, “ही घाय!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाल म्हणजे आरतीची चाल. गाण्याची. दोन्ही वाड्यांचे ठेके, दोन वेगळ्या आरत्यांचे समजून, मी मशीनमध्ये भरलेले होते, पण एकावरून दुसऱ्यावर जायचं तर ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करायला हवा. म्हणून मी बंद-चालूचं बटण दाबलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

*

माझी राहण्याची सोय तातूंच्या घरी होती. दुपारचं जेवण तिथे, रात्रीचं दाजींकडे, आणि चहा दोन्ही ठिकाणी, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. दुपारी जेवायला बसले तर शेवंताकाकीने तीन पानं मांडलेली. एक तातूंचं, एक माझं.

“आणि ड्रायव्हर खय आसा?” काकीने विचारलं.

“कोण ड्रायव्हर?”

“तुमच्या साहेबान फोनार सांगल्यान, मशीनीवांगडा नवीन ड्रायव्हर पाठवतंय म्हणान. बिचारो टेम्पोतच बसलो काय? बोलव तेका. भात निवता.”

मला हसू आवरेना. “काकी, तो माणूस नाही. तो मशीनच्या पोटात असतो. कॉम्प्युटर काय बोलतो ते ढोलाच्या मोटरला कळत नाही, आणि मोटरचं म्हणणं कॉम्प्युटरला कळत नाही. म्हणून मध्ये एकाला ठेवतात. इकडचं तिकडे सांगायला आणि तिकडचं इकडे.”

काकीने आमटीचा डाव हातातच धरून विचार केला.

“शेवंता,” तातू म्हणाले, “तुझ्या भावाक सांग, उद्या ह्या मशीन नीट चालला नाय तर आमची आरती आमी आधीसारखी सांजेक वेगळी करतलो.”

“सांगतंय,” काकी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ह्यो बघ तुझो ड्रायव्हर. हय उभो आसा.”

तातू हात धुवायला गेल्यावर तिने सगळं सांगितलं. सातेरीची आरती एकच, कडवी पाच, शब्दही तेच. पण वरची वाडी ती लांबवून, आळवून म्हणते आणि खालची वाडी ठसक्यात, तोडून. पूर्वी सगळे एकत्र म्हणत. एका वर्षी ढोल दाजींकडे होता आणि झांज तातूंकडे. दाजी आपल्या चालीवरून हलेनात, तातू आपल्या. शेवटी दाजींनी रागाने असा टोला घातला की ढोलाचं चामडं फाटलं. तेव्हापासून वरच्या वाडीची आरती सकाळी आणि खालच्या वाडीची संध्याकाळी. मेहुणे-मेहुणे समोरासमोर आले तरी बोलत नाहीत. जे काही असेल ते काकीमार्फत. यंदा मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने देवीला मशीन दिलं, ते एका अटीवर: आरती एकच झाली पाहिजे. ढोल कोणी वाजवायचा हा प्रश्नच नको. मशीनला वाडी नसते.

“आणि तुम्ही कोणत्या चालीवर म्हणता?” मी विचारलं.

“मी म्हणी नाय. टाळ्यो वाजवतंय.”

“का?”

“माहेरची चाल म्हटलंय तर हेंचा तोंड सुजता. सासरची म्हटलंय तर दाजी चाय पियाक येना नाय. म्हणान सकाळी जाऊन टाळ्यो, सांजेक जाऊन टाळ्यो.” तिने आपले तळवे बघितले आणि हसली. “लहान होतंय तेवा माझो आवाज व्हाळापलीकडे ऐकाक येय. आता देवीक ठावक तरी आसा काय, शेवंताक गळो आसा म्हणान?”

मी भात कालवायला लागले.

“उद्या एक आरती झाली ना,” ती म्हणाली, “तर सगळ्यांच्या कालव्यात मीय एकदा मोठ्यान म्हणतलंय. कोणाची चाल म्हणान कोण विचारतलो? पण ती मधीच बंद पडली तर उद्याचीय गेली. मगे ह्या म्हाताऱ्यांका परत एकत्र कोण आणतलो?” तिने माझ्या पानात आणखी भात वाढला. “जेव पोटभर. आणि तुझ्या ड्रायव्हराक काय ता समजाव.”

साहेबांना फोन लावायचा तर शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहावं लागे.

“बंद करून चालू करायचं,” साहेब म्हणाले. “डोळ्याचं पातं लवतंय तोवर होतंय.”

“आरतीत खंड पडलेला चालत नाही, साहेब.”

“मग दोन कडव्यांच्या मध्ये बंद कर. तिथं श्वास घेतातच की.”

हे मला पटलं. रात्री दाजींकडे जेवताना मी तसं सुचवलं. दाजींनी मान हलवली.

“कडवी पाच. दोन आमची, दोन तेंची. तिसरा कोणाचा?”

मी बोटांवर मोजून बघितलं.

“म्हणान तिसरा अर्धा-अर्धा,” दाजी म्हणाले. “अर्ध्या कडव्यात चाल बदलूची. थय श्वास नाय घेणत कोण. बैठकीत तसाच ठरलाहा. दोन वाड्यांची सही आसा.”

“मग कोणाची चाल आधी?”

“देवीन कौल दिल्यान. आमची.” हे सांगताना मिशांतून थोडं हसू सांडलंच. “तुझ्यान होतला ना गो?”

“होईल,” मी म्हणाले. मला काय बोलायला जातंय!

दुसऱ्या दिवशी पहाटेच देवळाच्या ओसरीवर मांडी ठोकली. ड्रायव्हरला मी चालू असतानाही ऐकायची सवय लावायला घेतली. त्याच्यात एक झरोका ठेवला: बाहेरून तिथे आकडा लिहायचा, एक म्हणजे वरची वाडी, दोन म्हणजे खालची, आणि त्याने न थांबता तो ठेका धरायचा. उजाडता उजाडता ते जमलंही. मोठ्या उत्साहाने मी एकावरून दोनवर गेले. ढोलाची काठी नेमकी जुन्या हुकुमाने वर चालली होती; तिला अधेमधे नवा हुकूम मिळाला, आणि तिने गोंधळून ढोलाऐवजी झांजेलाच हाणलं. देवळासमोर पेंगत असलेलं कुत्रं थेट तळ्याकाठी जाऊन थांबलं.

म्हणजे नुसतं ऐकून भागत नव्हतं, कधी ऐकायचं हेही शिकवावं लागणार होतं. मग मी ड्रायव्हरला सांगितलं, बाबा, नवा आकडा आला तर आधी बाजूला ठेव. हातातलं आवर्तन पुरं कर. समेवर आलास की मग नवा उचल. हे मात्र अगदी छान झालं. ठेका असा बदलायचा की सांधा कळू नये. मी इतकी खूश झाले की स्वतःलाच टाळी दिली.

मग आदल्या दिवशी दोन्ही वाड्यांकडून वेगवेगळी म्हणवून मोबाइलवर घेतलेली आरती त्या ठेक्याला लावून बघितली, आणि खुशी उतरली. तिसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर ‘माये’ असा शब्द आहे. वरची वाडी तो लांबच लांब ओढते. खालची वाडी तो झटक्यात टाकून पुढे जाते. मशीन सांधा न कळता बदलेल, पण माणसं? निम्मी अजून ‘मा’वर आणि निम्मी पुढच्या ओळीत. मध्ये काहीतरी हवं होतं, या चालीतून त्या चालीत नेणारं. ते मला सुचणं शक्य नव्हतं, कारण मला गाता येत नाही. दाजींना विचारलं तर ते म्हणाले, आमी आमचा म्हणतलो. तातू म्हणाले, आमी आमचा. एकत्र सराव करू म्हटलं तर दोघांनीही मला वेड्यात काढलं.

दोन्ही चाली आतून येणारं माणूस गावात एकच होतं.

काकी स्वयंपाकघरात नैवेद्यासाठी नारळ खोवत बसली होती.

“काकी, मला तिसरं कडवं म्हणून दाखवा. अर्धं माहेरचं आणि अर्धं सासरचं. न थांबता.”

“मी? छे गो!” ती एकदम लाजली. “कोणी आयकला तर?”

“घरात कोणी नाही. आणि मशीन अडलंय. एका चालीतून दुसऱ्या चालीत जायचं कसं तेच मला कळेना झालंय. बंद करून चालू करणं सोपं होतं हो!”

काकीचा हात थांबला. ती माझ्याकडे बघून हसायलाच लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“अगो, माझ्या लग्नात माका काय कोणी बंद करून परत चालू केल्यानी? सकाळी वरच्या वाडीची होतंय, सांजेक खालच्या वाडीची. हळद तीच, चुडो तोच, श्वास तोच. चालता चालताच बदललंय.”

“मग तेच म्हणून दाखवा.”

तिने पदराला हात पुसले, दाराकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात सुरू केलं. गळा गंजलेला होता, आधी दोनदा अडकला. पण ‘माये’पर्यंत आली आणि काय केलं कोण जाणे, शब्द ओढला तर वरच्या वाडीसारखा, मग तो मधेच एका वळणावर ठेवला, जरा झुलवला, आणि अलगद खालच्या वाडीच्या ठसक्यात नेऊन सोडला. ते वळण दाजींकडेही नव्हतं आणि तातूंकडेही नव्हतं.

“हे कोणी शिकवलं?”

“कोण शिकवतलो? व्हाळार कपडे धुताना म्हणतंय कधी कधी. पाण्याचो आवाज आसता, कोणाक ऐकाक येना नाय.”

मी ते रेकॉर्ड केलं, ओसरीवर जाऊन त्याच्या मात्रा मोजल्या आणि मशीनमध्ये तिसरा ठेका भरला. ढोल नाही, नुसती झांज आणि खाली हलकी घंटा. ड्रायव्हरला बजावलं: एक चालू असताना तीन आला की समेवर तीन धर, आणि मी दोन सांगेपर्यंत तीनच वाजवत राहा. काही गडबड झालीच तर हाताशी वेळ असावा म्हणून.

*

संध्याकाळी देऊळ भरून गेलं. मुंबईहून मंडळाची माणसं आली होती. खांबाच्या या बाजूला वरची वाडी, त्या बाजूला खालची, आणि मध्ये शेवंताकाकी, हिरवं लुगडं नेसून. मी मशीनशेजारी बसले होते.

गुरवांनी निरांजन उचललं. मी एक लिहिला. ढोल घुमला, आणि वरच्या वाडीने आरती उचलली. खालची वाडी हाताची घडी घालून, आपली पाळी यायची वाट बघत बसली. काकी टाळ्या वाजवत होती. ओठ मिटलेले. मला वाटलं, अजून तिला धीर होत नसेल. चाल बदलली की म्हणेल.

दोन कडवी झाली. तिसरं सुरू झालं. मी तीन लिहिला आणि श्वास धरून बसले. ड्रायव्हरने हातातलं आवर्तन पुरं केलं, आणि अगदी शहाण्यासारखा तिसऱ्या ठेक्यावर आला. ढोल थांबला, झांज किणकिणायला लागली. तपासणी नाही, धडाम नाही. मला उठून नाचावंसं वाटलं.

पण कोणी गाईचना.

वरच्या वाडीचा अर्धा वाटा संपला होता, ते गप्प झाले. खालच्या वाडीला आपला ढोल ऐकू येईना, त्यांनी तोंड उघडलं नाही. हा ठेका कोणाच्याच ओळखीचा नव्हता. मशीन चालू होतं आणि गाव बंद पडलं होतं.

झांज एकटीच वाजत राहिली. दाजींनी डोळे वटारले. “काय ह्या गो? बदल चाल!”

“शेवंता, तेका सांग,” तातू म्हणाले, “ही चाल आमची न्हय म्हणान!”

गुरव निरांजन तसंच धरून ताटकळले होते. मुंबईची मंडळी एकमेकांकडे बघत होती. माझं बोट दोनच्या आकड्यावर होतं. ते दाबलं असतं तर ढोल सुरू झाला असता, खालच्या वाडीने आपलं अर्धं कडवं उचललं असतं, आरती पार पडली असती आणि माझी नोकरीही शाबूत राहिली असती. मी दाबणारच होते. पण काकीकडे नजर गेली. ती टाळ्या वाजवत होती, नेमक्या त्या तिसऱ्या ठेक्यावर, आणि तिचा गळा हलत होता. आत म्हणत होती ती. तिथेच, तोंडाच्या आत.

मी बोट उचललं.

“काकी, म्हणा!”

ती दचकली. एकदा भावाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. त्यांच्या तोंडांवर काय होतं ते मी पाहिलं नाही. मी तिच्याकडेच बघत होते. मग तिने दोघांकडेही बघायचं सोडलं आणि देवीकडे बघितलं. टाळ्या थांबल्या.

“माऽऽये...”

सकाळचा तो गंजलेला, दबका आवाज हा नव्हताच. हा व्हाळापलीकडे जाणारा होता. तिने शब्द ओढला, वळणावर ठेवला, झुलवला. घाई केली नाही. झांज तिच्या पायाशी बसल्यासारखी वाजत होती. आणि ती ठसक्याकडे वळणार असं वाटलं तेव्हा मी दोन लिहिला. ड्रायव्हर समेसाठी थांबला, तीही समेवर आली, आणि ढोल तिच्या शब्दाखाली असा नेमका पडला की खालच्या वाडीतून आपोआप “माये!” असा गजर उठला. वरच्या वाडीतही निम्म्या माणसांनी तोंड मिटलंच नव्हतं. काकीच्या मागोमाग चालत ती केव्हा पलीकडे पोचली ते त्यांनाही कळलं नाही. चौथं आणि पाचवं कडवं दोन्ही वाड्यांनी मिळून म्हटलं. अगदी एका चालीत होतं असं म्हणवत नाही, बराच कालवा होता. पण सगळ्या कालव्याच्या वर एक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मी मशीनच्या आडोशाने डोळे पुसले.

आज इतकी वर्षं झाली. आमच्या मशीनमध्ये आता बसल्या जागी काय वाटेल ते बदलता येतं, साहेब गिऱ्हाइकांना ते स्वतःचीच कल्पना असल्यासारखं सांगतात. सांगू देत. मला आठवते ती त्या संध्याकाळची आरतीनंतरची गडबड. गुरव ताम्हनातलं तीर्थ वाटत होते, काकी प्रसादाचं ताट घेऊन फिरत होती, आणि खांबाजवळ दाजी आणि तातू कडाडून भांडत होते.

“ता वळण आमच्या आवशीचा!” दाजी आईची आठवण काढत तावातावाने म्हणाले. “आमची आवस तसाच म्हणी!”

“तुझ्या आवशीचा?” तातूंचा आवाज चढला. “तुका काय म्हायती रे? ता आमच्या वाडीचा जुना वळण! माझी आत्ये म्हणी!”

“तुझ्या आत्येक कधी सूर लागलो काय?”

“आणि तुका?”

मग दोघेही एकदम थांबले. समोरासमोर, मधे कोणी नसताना, आपण बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. दाजींनी मिशीवरून हात फिरवला. तातूंनी खाकरून घसा साफ केला. पण माघार कोण घेणार? दोघे मिळूनच काकीकडे वळले.

“शेवंता, तूच सांग,” दाजी म्हणाले. “ती मधली चाल कोणाची?”

काकी तेव्हा माझ्यासमोर उभी होती. तिने माझ्या हातावर प्रसाद ठेवला. मग त्याच हातावर आणखी एक मूद ठेवली.

“ह्यो तुझ्या ड्रायव्हराक,” ती मला म्हणाली.

“अगो, सांग ना,” तातू म्हणाले. “कोणाची?”

“माझी,” शेवंताकाकी म्हणाली, आणि ताट घेऊन पुढच्या रांगेकडे गेली.